इंग्रजी धावतं तिथे मराठी चालतं

*बाई, नमस्कार. आमचं घर देवबागला आहे. घरालगत दोन खोल्या बांधून चार वर्षांपूर्वी निवास-न्याहारी सुरू केली. यजमान पूर्वी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीवर, जायचे, आता पर्यटकांना होडीतून फिरवतात. स्वयंपाक, खोल्या, हिशेब मी बघते. शिक्षण दहावीपर्यंत, मराठी शाळेत. हल्ली बंगळूर, हैदराबादहून पाहुणे येतात आणि ते इंग्रजीच बोलतात. मागच्या महिन्यात एका बाईंनी विचारलं, "हू रन्स धिस प्लेस?" मला वाटलं, किनाऱ्यावर धावायला कोण जातं ते विचारतायत. मी म्हटलं, "माय सन, मॉर्निंग." मुलगा बारा वर्षांचा आहे. त्या हसल्या. त्याच रात्री त्यांचे मिस्टर दारात आले, "वी हॅव रन आऊट ऑफ वॉटर." मी समजले, पाण्यातून पळत बाहेर आले, काहीतरी चावलं असणार. घाबरून यजमानांना हाक मारली, ते बॅटरी घेऊन धावले. प्रत्यक्षात टाकीतलं पाणी संपलं होतं. मुलगी कुडाळला कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आई, तू मध्ये बोलत जाऊ नकोस, मी फोनवरून बोलेन." ते मला लागलं. शब्दकोश काढून बघितला तर 'रन'पुढे पानभर अर्थ. एका शब्दाचे एवढे अर्थ पाठ कसे करायचे? की मी बोलणं सोडूनच देऊ?*

*— एक वाचक, देवबाग, ता. मालवण*

प्रिय भगिनी,

बोलणं सोडू नका. बाकीचं सगळं त्यानंतर. रात्री अकराला पाहुणा दार वाजवतो तेव्हा समोर तुम्ही असता, कुडाळची मुलगी नसते. घर तुमचं, चूल तुमची, आणि बोलणारं मात्र दुसरंच कुणी, हे फार दिवस निभणार नाही.

तुम्ही पाचवीत शिकलात, 'रन म्हणजे धावणे.' तुमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं. रत्नागिरीच्या शाळेत कितीतरी वर्षं मीसुद्धा फळ्यावर हेच लिहीत आले. अर्थ खोटा नाही. पण हा त्या शब्दाचा एकच कोपरा आहे, उरलेलं घर पुढे दिसेल, एवढं सांगायचं आमच्याकडून राहून गेलं. एका शब्दापुढे एक अर्थ, मग पुढचा शब्द, असं आम्ही शिकवलं. तुमच्या हातात जेवढं दिलं होतं त्यावरून तुम्ही त्या बाईंना दिलेलं उत्तर बरोबर होतं. त्याची लाज तुम्ही बाळगू नका.

आणि पानभर अर्थ बघून तुम्ही दचकलात, तशी मोठमोठी माणसंही दचकली आहेत. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढे नव्या आवृत्तीचं काम करताना 'रन'ने तिला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार या एका शब्दावर नऊ महिने बसले होते, आणि नुसतं क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ निघाले. हे पाठ करायचे नसतात. इंग्रज आईच्या पोटी जन्मलेल्या माणसानेही ते पाठ केलेले नसतात.

आता इंग्रजी जरा बाजूला ठेवा आणि दिवसभरातलं स्वतःचं बोलणं ऐका. सकाळी पंप चालू करता. शेजारीण गडग्यापलीकडून विचारते, "काय चल्लाहा?" पाहुण्यांना विचारता, तिखट चालेल ना? सोमवारी तुमच्याकडे मासे चालत नसतील. फाटकी नोट चालत नाही. जमिनीचा दावा वर्षानुवर्षं चालतो. दशावतारी नाटक रात्रभर चालतं. मुलाचं गणितात डोकं चालतं, म्हाताऱ्या सासूबाईंची दृष्टी चालत नाही पण हात चालतो. भजनाला चाल असते, बुद्धिबळात चाल असते, घराण्यात काही गोष्टी चालत आलेल्या असतात, आणि एखादा माणूस नुसताच 'चालू' असतो. यातल्या एकाही ठिकाणी कुणी पाय उचलून पुढे टाकत नाही. आणि यातलं एकही तुम्हाला कुणी पाठ करायला लावलेलं नाही. तुम्ही पत्रात लिहिलंत 'ते मला लागलं'. तो 'लागणे'ही असाच. भूक लागते, दिवा लागतो, घाटात गाडी लागते, नोकरी लागते, फणस लागतो. बंगळूरच्या त्या बाई मराठी शिकायला बसल्या तर 'लागणे'पाशी त्यांचीही तुमच्यासारखीच गत होईल.

माझं सांगणं एवढंच आहे की 'रन' ऐकलं की 'धावणे' आठवू नका, 'चालणे' आठवा. इंग्रजी जिथे धावतं तिथे बहुतेक वेळा मराठी चालतं. पंप रन होतो म्हणजे पंप चालतो. नाटक दोन महिने रन झालं म्हणजे दोन महिने चाललं. मोबाइलवर ॲप रन होत नाही म्हणजे ते चालत नाही. बस आज रन होणार नाही म्हणजे एसटी बंद आहे. 'इट रन्स इन द फॅमिली' म्हणजे घराण्यात चालत आलेलं आहे.

आणि 'हू रन्स धिस प्लेस?' म्हणजे 'हे कोण चालवतं?'

या प्रश्नापाशी थोडं थांबते. त्या बाईंनी नुसती चौकशी केली नव्हती. खोली स्वच्छ, जेवण वेळेवर, हे बघून त्यांना जाणून घ्यायचं होतं की यामागे कोण आहे. त्याचं उत्तर 'माय सन' नव्हतं, आणि 'माय हजबंड' असंही देऊ नका. स्वयंपाक, खोल्या, हिशेब मी बघते, असं तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. मग उत्तर तीन शब्दांचं आहे: "आय रन इट." एकदा मोठ्याने म्हणून बघा. यजमानांना सोबत घ्यायचं असेल तर "वी रन इट टुगेदर". पण आधी पहिलं वाक्य तोंडात बसू द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक 'चालतं'ला 'रन' लावता येत नाही. 'तिखट चालेल का'चं 'विल स्पायसी रन' होणार नाही. तिथे 'इज स्पायसी ओके' एवढं पुरे. नोट चालत नाही तिथेही 'रन' नको. म्हणून ही किल्ली ऐकताना वापरा. बोलताना पूर्ण वाक्य आधी कानावरून गेलेलं असेल तेव्हाच वापरा.

आता पाण्याकडे वळू, कारण तुमची खरी अडचण पाण्यावरून झाली.

आपण समजतो की 'रन' हा मुळात पायांचा शब्द आणि नळाचं, नदीचं पाणी त्याला मागून चिकटलं. तसं नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचं रूप 'रिन्नान' असं होतं आणि त्यात धावणं आणि वाहणं दोन्ही एकत्र नांदत होतं. जर्मन भाषेत आजही दोन सख्खे शब्द आहेत: 'रेनन' म्हणजे धावणे आणि 'रिनन' म्हणजे वाहणे, झिरपणे. म्हणजे पाण्याचा अर्थ पायांच्या अर्थाइतकाच जुना. पावसाळ्यात तुमच्याकडचा व्हाळ भरून वाहतो तो डोळ्यांपुढे आणा. मध्ये खंड नाही, मागचं पाणी पुढच्याला ढकलत राहतं. 'रन'चा जीव तिथे आहे: वाट धरून, मध्ये न तुटता, पुढे जात राहणं.

म्हणून पाहुणा 'डू यू हॅव रनिंग वॉटर?' विचारतो तेव्हा खोलीत नळाला पाणी येतं का, की बादली भरून ठेवता, हे त्याला हवं असतं. त्याच्या मुलाचं 'नोज इज रनिंग' असेल तर नाक वाहतंय. तुमच्या लाल चादरीबद्दल कुणी म्हटलं 'द कलर विल रन', तर धुतल्यावर रंग जाईल. नळ रनिंग राहिला तर तो बंद करायचा राहिला आहे. इथे मराठी चालत नाही, वाहते. पण कल्पना तीच.

वाहणारं पाणी लांब जातं, म्हणून लांबीसाठीही इंग्रजीत हाच शब्द येतो. हा अर्थ तुम्ही पैसे मोजून विकत घेतला असणार. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ग्रॅनाइट बसवून घेतलंत ना? कारागिराने भाव कसा सांगितला? रनिंग फुटाने. सरळ रेषेत जेवढे फूट तेवढे पैसे. तेव्हा 'पळणारं फूट' असं तुमच्या मनातही आलं नाही. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. ही पट्टी संगमापर्यंत जाते, हे पाहुण्याला सांगायचं तर इंग्रजीत ती 'रन्स' संगमापर्यंत. आपण रस्त्याला 'जातो' म्हणतो: मुंबई-गोवा रस्ता कणकवलीवरून जातो. इंग्रजीत तो रस्ताही धावतो. शिवणातही बघा. टीप घालताना सुई मागे वळून येते. दुसऱ्या टाक्यात ती सरळ पुढेच जात राहते, त्याला आपल्या आज्यांनी नाव दिलं धावदोरा. इंग्रजीत तोच 'रनिंग स्टिच'. हा शब्द मला फार आवडतो. इथे आपली भाषाही धावते.

अशा आणखी काही जागा आहेत. क्रिकेटमधली धाव, धावसंख्या. विमानतळाची धावपट्टी, तुमच्याजवळ चिपीला २०२१च्या ऑक्टोबरपासून विमानं उतरायला लागली, तेव्हा तो शब्द घराघरात गेला असेल. आणि रेडिओवरच्या समालोचकांनी घरोघरी पोचवलेला 'धावचीत'.

तो 'धावचीत' आणि तुमचं त्या रात्रीचं 'रन आऊट' एकत्र ठेवून बघू. खेळपट्टीवर रन आऊट म्हणजे धावताना बाद. पण 'रन आऊट ऑफ' आणि पुढे एखादी वस्तू आली, की जे चालू होतं, वाहत होतं, ते शेवटापर्यंत येऊन संपलं. पाणी, गॅस, पेट्रोल, मोबाइलचा डेटा, साखर, सुटे पैसे. 'वी आर रनिंग लो' म्हणजे अजून संपलं नाही, पण संपत आलंय, लक्ष ठेवा. हे दोन तुम्हाला रोज लागतील.

तुमचं त्या रात्रीचं समजणं किती जवळ होतं ते सांगते. 'दे रॅन आऊट ऑफ द वॉटर' असं वाक्य असतं, तर त्याचा अर्थ तुम्ही लावलात तोच झाला असता: ते पाण्यातून पळत बाहेर आले. मध्ये एक 'द' हवा होता. समोरच्या समुद्राचं, माहीत असलेलं पाणी म्हणून 'द'. टाकीतलं, वापरायचं पाणी म्हणून नुसतं 'वॉटर'. समुद्रापासून पन्नास पावलांवर राहणाऱ्या, तांडेलांच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्यांच्या, घरातल्या बाईला 'रन' आणि 'वॉटर' एका वाक्यात ऐकून आधी माणसाच्या जिवाची काळजी वाटली. यजमान बॅटरी घेऊन धावले ते योग्यच केलं. पाहुण्याला जेली फिश लागला असता तर तीच बॅटरी उपयोगाला आली असती.

'रन'च्या मागे येणारा छोटा शब्द असा अर्थ फिरवतो. मी इथे यादी देत नाही, फक्त तुमच्या दारात येतील तेवढे सांगते. 'वी आर रनिंग लेट': पोचायला उशीर होतोय, जेवण झाकून ठेवा. पावसाळ्यात हे फार ऐकाल, कारण कोकण रेल्वेच्या गाड्या तेव्हा वेगळ्या वेळापत्रकाने आणि कमी वेगाने चालतात. 'वी रॅन इंटू अ फ्रेंड': मालवणच्या बाजारात ओळखीचं माणूस अचानक भेटलं. पण 'इंटू'पुढे झाड किंवा खांब आला तर गाडी आदळली आहे. 'ओव्हर' असेल तर कुणीतरी चाकाखाली आलं. 'माय डॉटर इज रनिंग अ टेंपरेचर' हे मात्र नीट कानात ठेवा. मुलीला ताप आहे. 'टेंपरेचर' ऐकून एसी किंवा गीझर बघायला जाऊ नका, डॉक्टरांचा नंबर द्या.

यजमानांच्या धंद्यातही हा शब्द बराच आहे. होडी वाळूत रुतली तर ती 'रॅन अग्राऊंड'. संगमावर वाळू जागा बदलत असते, तेव्हा त्यांना हे शब्दाविना चांगलं माहीत आहे. आणि मासे! थंड प्रदेशातले सामन मासे अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरून प्रवाहाविरुद्ध वर चढतात, त्याला इंग्रजीत 'रन' म्हणतात. दूरदर्शनवर पाहुणे ते कौतुकाने बघतात. आपल्याकडे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात नदी-व्हाळातले मासे शेतात, मळ्यात चढतात, आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो, उत्तर कोकणात वलगण म्हणतात. समुद्रातून येत नाहीत एवढाच फरक, धडपड तीच, अंडी घालण्यासाठी वर जाण्याची. एखाद्या पाहुण्याने जूनमध्ये विचारलं, बोटी किनाऱ्याला का ओढल्यात, तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते हे सांगा, आणि त्याच दमात या चढणीच्या माशांबद्दल सांगा. 'अवर फिश रन इन जून.' हे वाक्य ऐकून तो खुर्ची ओढून बसेल. तुमच्याजवळ सांगण्यासारखं एवढं असताना तुम्ही गप्प बसायचं ठरवताय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एके ठिकाणी मात्र दोन्ही भाषांची वाट पुरती वेगळी होते. अमेरिकेत माणूस निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतो, आणि आपल्याकडेही उभा राहतो. तिथे ना धावणं कामाचं ना चालणं.

आता करायचं काय. स्वयंपाकघरात एक वही टांगून ठेवा. त्यात शब्द लिहू नका, अर्थ लिहू नका. पाहुण्याचं पूर्ण वाक्य, जसं ऐकलं तसं, देवनागरीत लिहा, आणि खाली तेव्हा काय झालं होतं ते लिहा. 'वी हॅव रन आऊट ऑफ वॉटर — टाकी रिकामी.' एवढंच. वाक्य आणि प्रसंग एकत्र राहिले की परत विसरत नाही. एका मोसमात चाळीस-पन्नास वाक्यं जमतील, आणि पाहुण्यांना लागणाऱ्या गोष्टी त्याच त्याच असल्याने त्यात बहुतेक सगळं येऊन जाईल.

कळलं नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नका. "सॉरी, प्लीज से इट अनदर वे" हे वाक्य पाठ करा. पाठ करायचं ते एवढंच. 'परत सांगा' म्हटलं तर माणूस तेच वाक्य मोठ्या आवाजात सांगतो, त्याने काही साधत नाही. 'वेगळ्या शब्दांत सांगा' म्हटलं की तो म्हणतो, "नो वॉटर." आणि प्रश्न सुटतो.

मुलीवर रागावू नका. आईला कुणी हसलं हे तिला सहन झालं नसेल, आणि त्या वयात मुलं ते असं उलटं बोलून दाखवतात. पण तिला एक सांगा: तू फोनवर बोलू नकोस, सुट्टीत घरी आलीस की माझ्याशी बोल. जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं वही उघडून बसा. तुम्ही मराठी वाक्य द्या, तिने इंग्रजीत सांगायचं. 'धंदा बरा चाललाय', 'नाटक उजाडेपर्यंत चाललं', 'एवढं चालेल', 'मी चालले'. चार वाक्यांत चार वेगळी इंग्रजी क्रियापदं शोधावी लागतील आणि तिलाही थांबून विचार करावा लागेल. आईला मराठी किती येतं, हे तिच्या पहिल्यांदा लक्षात येईल.

माझंही तुमच्याकडे एक काम आहे. शिडाच्या होडीला वारा बरोबर पाठीमागून मिळाला आणि ती त्या वाऱ्यावर सोडली, तर इंग्रज खलाशी त्याला 'रनिंग' म्हणतो. आपल्या तांडेलांकडे त्याला स्वतःचा शब्द असणार. पुस्तकांत शोधून मला तो मिळालेला नाही. यजमानांना किंवा त्यांच्यापेक्षा वडीलधाऱ्या कुणाला विचारा, वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या पत्रात मला कळवा.

तुमची,
बाई